कागद ओढणाऱ्या रोलरला पेटंट मिळतं का?

(तिसरं वर्ष, मेकॅनिकल)

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, दोन पानं एकदम गेली!" प्रिंटर अडकतो, कोणीतरी मागचं झाकण उघडून कागद ओढतं, तो अर्धा फाटून आतच राहतो आणि मग जर्नल बाजूला राहून सगळे मेकॅनिक होतात. हा लेख त्या अडकणाऱ्या भागाबद्दल आहे. प्रिंटरची शाई, लेझर, सॉफ्टवेअर यांच्यावर खूप लिहिलं जातं. कागद उचलून आत नेणाऱ्या रबरी रोलरकडे मात्र तो झिजेपर्यंत कोणी बघतही नाही. मला त्याच्याबद्दल पडलेला प्रश्न असा: रबर जुनं, रोलर जुना, गिअर जुना, मोटर जुनी. मग अशा यंत्रणेला पेटंट मिळूच कसं शकतं?

प्रश्न नुसता पुस्तकी नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिव्ह्यूला परीक्षक पहिलं हेच विचारतात, "यात नवीन काय?" बहुतेक ग्रुप "सर, मॉडिफिकेशन केलंय" एवढं म्हणून गप्प बसतात. मॉडिफिकेशन आणि शोध यांच्यातली रेघ कुठे मारायची, याचे कायद्यात नीट नियम आहेत. ते समजून घ्यायला या रोलरइतकं जवळचं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. (पेटंटला सरकारी मराठीत 'एकस्व' म्हणतात. शब्द छान आहे, पण कॉन्व्हेंटवाल्यांना आणि हॉस्टेलवाल्यांना दोघांनाही तो समजावून सांगावा लागतो, म्हणून इथे पेटंटच म्हणते.)

आधी यंत्र, मग कायदा.

ट्रेमध्ये कागदांचा गठ्ठा आहे. ८० जीएसएमचा ए-फोर कागद घेतला तर एका कागदाचं वजन जवळजवळ ५ ग्रॅम आणि जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास. वरचा एकच कागद पुढे जायला हवा, खालचा जागेवर राहायला हवा. आपण हे काम बोटाला थुंकी लावून करतो. प्रिंटर तेच घर्षणाच्या हिशेबाने करतो. स्वस्त प्रिंटरमध्ये वर पिकअप रोलर आणि समोर खालून स्प्रिंगने दाबलेलं एक छोटं सेपरेशन पॅड असतं. इथे तीन घर्षणांक कामाला लागतात: रोलर आणि कागद यांच्यातला, पॅड आणि कागद यांच्यातला आणि कागद-कागद यांच्यातला. एकच कागद आत आला तर रोलर पुढे ओढतो आणि पॅड मागे धरतं, म्हणून रोलरचा घर्षणांक पॅडपेक्षा जास्त हवा. दोन कागद आले तर खालच्याला वरचा कागद पुढे ओढतो आणि पॅड मागे धरतं, म्हणून पॅडचा घर्षणांक कागद-कागदापेक्षा जास्त हवा. रोलर सगळ्यात वर, पॅड मध्ये, कागद-कागद खाली. हा क्रम टिकला तर काम होतं, बिघडला की जॅम.

आता हॉस्टेलच्या रोगांचं निदान करता येईल. प्रिंटर नुसता घर्रर्र करतो आणि कागद उचलतच नाही, याचा अर्थ रोलरचा घर्षणांक खाली आलाय. कागदाची पांढरी भुकटी रबरावर बसून ते गुळगुळीत झालेलं असतं. ओल्या फडक्याने पुसलं की बरेचदा सुधारतं. दोन-दोन पानं जातात याचा अर्थ पॅड झिजलंय, किंवा जुलैची दमट हवा खाऊन कागद एकमेकांना चिकटलेत. रोलर बदलून उपयोग नाही, तरी लोक रोलरच बदलतात.

पॅडची अडचण अशी की ते दर कागदागणिक घासतं. म्हणून मोठ्या कॉपिअरमध्ये पॅडच्या जागी दुसरा रोलर असतो, त्याला रिटार्ड रोलर म्हणतात. मला संपूर्ण प्रिंटरमधला हा सगळ्यात हुशार भाग वाटतो. फीड रोलर कागदाला पुढे नेत असतो आणि त्याच्याखाली दाबलेल्या रिटार्ड रोलरला मोटर उलट दिशेने फिरवू पाहते, पण सरळ नाही, टॉर्क लिमिटरमधून. म्हणजे ठरावीक टॉर्कपेक्षा जास्त जोर आला की लिमिटर घसरतो.

गणित करून बघू. दोन रोलरमधला दाब ४ न्यूटन धरा, कागद-कागद घर्षणांक ०.५, रबर-कागद १.२. मध्ये एकच कागद असेल तर तो रिटार्ड रोलरवर ४ गुणिले १.२ म्हणजे ४.८ न्यूटनपर्यंत जोर लावू शकतो. दोन कागद असतील तर वरचा खालच्याला फक्त ४ गुणिले ०.५ म्हणजे २ न्यूटनने ओढू शकतो. लिमिटरचा जोर या दोघांच्या मधे ठेवा, समजा ३ न्यूटन. एक कागद आला की ४.८ जिंकतो, लिमिटर घसरतो आणि रिटार्ड रोलर निमूटपणे कागदाबरोबर पुढे फिरतो. दोन आले की २ हरतो, रोलर आपल्या मूळ दिशेने उलटा फिरतो आणि खालच्या कागदाला ट्रेकडे परत पाठवतो. रोलरची त्रिज्या १० मिलिमीटर असेल तर लिमिटरचा टॉर्क झाला ३० मिलिन्यूटन-मीटर. तो २० च्या खाली गेला तर दोन पानं जाणार, ४८ च्या वर गेला तर एकही नाही.

कुठेही सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही. आत किती कागद आहेत हे रोलरला 'कळतं' ते निव्वळ घर्षणातल्या फरकामुळे. हे लक्षात ठेवा, कायद्यात लागणार आहे.

पुढच्या प्रवासात रजिस्ट्रेशन रोलर असतो. तो क्षणभर थांबून राहतो, कागद त्याच्यावर आपटून थोडा फुगतो आणि तिरका आला असेल तर सरळ होतो. मग एकाच मोटरवर दोन कामं करणारे झुलते गिअर असतात: मोटर सुलटी फिरली की गिअर झुलून एका रोलरला लागतो, उलटी फिरली की दुसऱ्याला. आणि झिजेचा हिशेब असतो. २० मिलिमीटर व्यासाचा रोलर झिजून १९.८ झाला तर ए-फोरच्या २९७ मिलिमीटर लांबीत कागद सुमारे ३ मिलिमीटर मागे पडतो. केसाएवढी झीज आणि समास सरळ हलतो! म्हणूनच या 'साध्या' भागावर कंपन्यांची एवढी डोकी खर्च होतात.

इतिहासही तेच सांगतो. आपण ज्याला झेरॉक्स काढणं म्हणतो त्याचं मूळ तत्त्व चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात सिद्ध केलं. तो स्वतः एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. पेटंट मिळालं १९४२ मध्ये. पण बटण दाबलं की साध्या कागदावर आपोआप प्रत येईल असं झेरॉक्स ९१४ हे यंत्र जाहीर व्हायला १९५९ साल उजाडलं, आणि त्यातही कागद अडकून तापायचा म्हणून यंत्रासोबत आग विझवायचं छोटं उपकरण द्यावं लागलं. तत्त्वाचं पेटंट कधीच संपून गेलं. कागद नीट नेण्याच्या युक्त्यांवर मात्र अर्ज येतच राहिले.

आता कायदा.

आपला पेटंट कायदा १९७० चा, अमलात आला २० एप्रिल १९७२ ला, आणि २००२ व २००५ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. कलम २(१)(जे) तीन अटी घालतं: वस्तू किंवा प्रक्रिया नवी हवी, तिच्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप हवी आणि ती उद्योगात वापरता यायला हवी. तिसरी अट रोलरला अडवत नाही, ती सोडून देऊ.

पहिली अट, नवेपणा, वाटते त्यापेक्षा सोपी आहे. तुमच्या यंत्रणेतल्या सगळ्या गोष्टी एकत्र, एकाच जुन्या कागदपत्रात किंवा एकाच जुन्या यंत्रात सापडल्या तरच नवेपणा जातो. गिअर एका पेटंटमध्ये, लिमिटर दुसऱ्यात असं जोडकाम इथे चालत नाही. पण 'जुनं' म्हणजे जगात कुठेही, कोणत्याही भाषेत. जपानमधलं तीस वर्षांपूर्वीचं पेटंटसुद्धा तुमच्या आड येतं. शोधायची सोय मात्र चांगली आहे. जगभरच्या पेटंटचं एक वर्गीकरण आहे, आपल्या लायब्ररीतल्या डेसिमल नंबरांसारखं. बी६५एच हा पातळ वस्तू हाताळण्याचा वर्ग. त्यात ३/०६ म्हणजे गठ्ठ्यातून रोलरने कागद वेगळा करणं, ३/५२ म्हणजे खालच्या कागदाला घर्षणाने अडवणं, ५/०६ म्हणजे रोलरने पुढे नेणं, ९/०० म्हणजे कागद सरळ करणं. हे नंबर इंग्रजी अक्षरांत गूगल पेटंट्स किंवा एस्पेसनेटवर टाकून बघा. आपली 'ओरिजिनल' आयडिया तिथे आकृतीसकट भेटण्याची शक्यता भरपूर आहे. हे काम प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी करायचं, ब्लॅक बुक बाइंडिंगला गेल्यावर नाही.

खरी लढाई दुसऱ्या अटीवर होते. कलम २(१)(जेए) म्हणतं, आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही हवं, आणि शिवाय त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नको. हा जाणकार म्हणजे कायद्याने कल्पिलेला एक माणूस. मी त्याला असा डोळ्यांसमोर आणते: वीस वर्षं कॉपिअर दुरुस्त करणारा, त्या विषयावर छापलेला प्रत्येक कागद वाचलेला, हाताने पक्का, पण नवं काही शोधायची हौस नसलेला गृहस्थ. त्याच्यासमोर अडचण मांडली आणि त्याने "मग हे बसवा की" म्हणून सरळ तुमचंच उत्तर दिलं, तर पेटंट नाही.

यात एक धोका आहे. उत्तर बघितल्यावर गणित सोपंच वाटतं. रिटार्ड रोलरचा हिशेब वर वाचून तुम्हालाही वाटलं असेल, यात काय मोठंसं? म्हणून तपासणाऱ्याने अर्जाच्या तारखेच्या आधी जाऊन उभं राहायचं असतं, उत्तर माहीत नसल्यासारखं.

यात भर कलम ३(एफ) ची. जुनी उपकरणं नुसती मांडली, फेरमांडणी केली किंवा एकाची दोन केली आणि प्रत्येक उपकरण आपापलं काम स्वतंत्रपणे, पूर्वीसारखंच करत असेल, तर तो शोधच धरला जात नाही. मेकॅनिकलच्या अर्ध्या प्रोजेक्टांचा निकाल या एका वाक्यात लागतो.

या विषयातला आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला निकाल प्रिंटरचा नाही, लेथचा आहे, म्हणजे आपल्या घरचाच. मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणाऱ्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजकडे १९५१ चं एक पेटंट होतं: लेथवर भांडं घासताना ते सुटून उडू नये म्हणून घट्ट धरायची पद्धत. त्याच गावातल्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम यांच्याशी वाद झाला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १३ डिसेंबर १९७८ ला कोर्टाने पेटंट रद्द ठरवलं. पद्धत उपयोगी नव्हती असं कोर्ट म्हणालं नाही. म्हणणं असं की जुन्याच साधनाचा हा थोडा वेगळा वापर आहे, वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. जुने भाग अशा रीतीने जोडले की ते एकमेकांवर अवलंबून काम करतात आणि त्यातून नवी किंवा सुधारलेली गोष्ट निघते, तर त्या जोडणीला पेटंट मिळू शकतं. नुसते शेजारी शेजारी बसवले तर नाही.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात, गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवण्याबद्दल, जवळपास याच वाटेने निकाल दिला: माहीत असलेले भाग माहीत असलेल्या पद्धतीने जोडून अपेक्षितच परिणाम मिळाला, तर ते सहज सुचण्यासारखं. गिअर, लेथ, पेडल; भाग कोणतेही असोत, प्रश्न तोच.

आता हे आपल्या रोलरला लावू. समजा आपल्या विंगमधल्या एका ग्रुपने चार कल्पना काढल्या.

पहिली, रबराऐवजी सिलिकॉन वापरू, जास्त टिकेल. जाणकार दोन सेकंदांत हेच सांगेल. गेली. दुसरी, दोन ट्रे, दोन रोलर, दोन मोटरी, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा चालेल. सोयीचं आहे, पण प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पूर्वीचंच काम करतो; ३(एफ) ने गेली. तिसरी, झीज ओळखणारा प्रिंटर. कागद दोन सेन्सरांमधलं अंतर किती वेळात कापतो ते मोजायचं आणि तेवढी मोटर जास्त फिरवायची. इथे कलम ३(के) आडवं येतं, कारण नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही. पण सेन्सर, रोलर आणि मोटरचं नियंत्रण मिळून कागदाची जागा प्रत्यक्ष सुधारत असेल तर तुम्ही प्रोग्रॅम नव्हे, यंत्र मागताय. वाद घालता येतो. फक्त झीज मोजण्याची कल्पना इतकी सरळ आहे की आधी बी६५एच धुंडाळल्याशिवाय मी तिच्यावर एक रुपया लावणार नाही.

चौथी मला सगळ्यात आवडते. दमट हवेत कागद-कागद घर्षणांक वाढला की लिमिटरची २० ते ४८ ही खिडकी अरुंद होते. समजा तो ०.५ वरून ०.७ झाला, तर खालची मर्यादा २० वरून २८ वर येते आणि आपला ३० चा लिमिटर काठावर जातो. आता ग्रुपने अशी जोडणी केली की दमट हवेत फुगणारी एक पट्टी स्प्रिंगचा दाबच कमी करते, सेन्सर नाही, वीज नाही. दाब ४ वरून ३ न्यूटनवर आला की खालची मर्यादा २१ आणि वरची ३६, म्हणजे ३० पुन्हा आत. पट्टी जुनी, स्प्रिंग जुनी, लिमिटर जुना. पण पट्टी काढा आणि लिमिटर हरतो. लिमिटर काढा आणि पट्टीला काही कामच उरत नाही. मिर्झापूरच्या निकालातलं ते 'एकमेकांवर अवलंबून काम करणं' हेच. पेटंट नक्की मिळेल असं मी म्हणत नाही, जगात कुठेतरी कोणी आधी केलेलं असू शकतं. पण "यात नवीन काय?" ला हा ग्रुप गप्प बसणार नाही.

हे सगळं शेवटी दाव्यांमध्ये, म्हणजे क्लेम्समध्ये येऊन अडकतं. पेटंटमधली वीस पानं आणि आकृत्या वाचायला असतात, हक्क मात्र शेवटच्या क्लेम्सपुरता मिळतो. "हवेप्रमाणे दाब बदलणारी कागद भरवण्याची यंत्रणा" असा मोठा क्लेम लिहिला तर कोणतंही जुनं यंत्र त्यात घुसतं आणि क्लेम पडतो. "नायलॉनची ४० मिलिमीटरची पट्टी" असा बारीक लिहिला तर पेटंट मिळेल, पण कोणीही ४५ मिलिमीटरची पट्टी लावून शेजारून निघून जाईल. क्लेममधला प्रत्येक शब्द म्हणजे कुंपणाचा एक खांब. खांब वाढवले की जमीन कमी होते.

आता फेस्टबद्दल, कारण ते आपल्याला थेट लागू आहे. अर्ज करण्याआधी मॉडेल स्टॉलवर चालवून दाखवलं, पोस्टरवर आकृती लावली, की नवेपणा धोक्यात. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी, विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी वगैरे. कॉलेजचा टेकफेस्ट त्यात आपोआप बसत नाही. म्हणून आधी प्रोव्हिजनल अर्ज, मग स्टॉल. प्रोव्हिजनल टाकल्यावर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्याचं पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही फी कमी झालीय.

अर्ज टाकला की अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हल्ली नोटीस बोर्डवर आणि बायोडेटामध्ये 'पेटंट पब्लिश्ड' असं ठळक अक्षरात दिसतं. प्रसिद्ध होणं म्हणजे मिळणं नव्हे. चांगला अर्ज प्रसिद्ध होतो तसा टाकाऊही होतो, तोवर कोणी तो तपासलेलाही नसतो. तपासणीची वेगळी मागणी करावी लागते; मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. मंजुरीआधी कोणीही, अगदी शेजारच्या विंगमधला मुलगासुद्धा, लेखी हरकत घेऊ शकतो. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, तेही नूतनीकरणाची फी भरत राहिलात तर.

तपासणीचा पहिला रिपोर्ट आला की त्यात बहुधा दोन-तीन जुन्या पेटंटचे नंबर आणि "सहज सुचण्यासारखं" असा शेरा असतो. उत्तराला सहा महिने मिळतात. तिथे "अत्यंत कार्यक्षम" असल्या विशेषणांचा उपयोग नाही, रीडिंग्ज लागतात: पट्टीसह हजार कागद आणि पट्टीशिवाय हजार कागद, कोरड्या दिवशी आणि भर पावसात, किती वेळा दोन पानं गेली. मूळ तपशिलात जे नव्हतंच ते नंतर घुसडता येत नाही, त्यामुळे ही चाचणी पूर्ण तपशील दाखल करण्याआधीच उरकायला हवी. चार वेळा हजार म्हणजे आठ रिम कागद. त्यातला पावसाळ्यातला भाग जुलै-ऑगस्टमध्येच होणार, म्हणजे मॉडेल जूनअखेर उभं हवं.